वानगीची गोधडी

रत्नागिरी शहराच्या पश्चिमेस रत्नदुर्ग किल्ल्याचा डोंगर समुद्रात शिरलेला आहे. त्याच्या उत्तर अंगास, नैऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्यापासून आडोसा मिळेल अशा जागी, मिरकरवाडा हे मासेमारीचे बंदर वसले आहे. एरवी तेथे क्षणाची उसंत नसते. नौका धक्क्याला लागत असतात, टोपल्या उतरत असतात, लिलावाचे पुकारे चाललेले असतात आणि या सर्वांवर बर्फ फोडल्याचा आवाज उठत असतो. परंतु 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीस बंदी असते. हे माशांच्या विणीचे दिवस. शिवाय समुद्रही खवळलेला. मग नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, जाळी दुरुस्तीसाठी घरी येतात, आणि वर्षभर घराबाहेर असलेले हात घरात कामाला लागतात.

अशाच एका पावसाळ्यात तेथील एका घरी आई व तिची बारा वर्षांची मुलगी यांनी मिळून गोधडी शिवावयास घेतली. मुलगी त्या वर्षी सातवीत गेली होती. बटण लावणे, उसवलेली शिवण धरणे एवढे तिला येत असे. अखंड गोधडी मात्र तिने कधी शिवली नव्हती.

गोधडीची तयारी पाऊस सुरू होण्यापूर्वीच करावी लागते. वैशाखात आईने घरातील जुनी लुगडी, धोतरे, लुंग्या व सदरे असे सर्व जीर्ण सुती कपडे बाहेर काढून धुतले. शेवटचे पाणी तिने आवर्जून विहिरीच्या गोड्या पाण्याचे घेतले. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते. समुद्रकाठच्या कपड्यांत खारटपणा राहिला, तर ते कडक उन्हात वाळवूनही पावसाळ्यात पुन्हा ओलसर होतात आणि अशा कापडाची गोधडी थोड्याच दिवसांत कुबट वास धरते. चांगले चार दिवस ऊन खाल्लेले ते कपडे एका बोचक्यात बांधून आईने चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवले. तेथे धुराची व उबेची सोय होती.

कपडे निवडताना मुलीने आत्याची एक गुळगुळीत, चकचकीत साडी आणली. तिच्यावरची फुले सुरेख होती. आईने ती चिमटीत धरून चुरगळली आणि सोडून दिली. साडी तत्काळ पहिल्यासारखी सरळ झाली.

"ही नको, बाय. ही पॉलिएस्टरची आहे. हिला दुसरे कापड धरत नाही," आई म्हणाली.

आईच्या या बोलण्यात गोधडीचे मर्म आहे. गोधडी म्हणजे एकावर एक ठेवलेले कापडाचे थर. ते थर जागच्या जागी राहतात ते केवळ टाक्यांनी नव्हे. वर्षानुवर्षे धुतल्यामुळे जुन्या सुती कापडावर बारीक लव उठते. दोन थरांची लव एकमेकींत गुंतते आणि थर एकमेकांना धरून राहतात. त्यांच्यामध्ये जी हवा कोंडली जाते, तीच अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. पॉलिएस्टरचा धागा काचेसारखा गुळगुळीत असतो. तो घाम शोषत नाही, आणि त्याचे थर टाक्यांमध्येसुद्धा सरकत राहतात. पूर्वी घरोघर सुती लुगडी नेसत, तेव्हा गोधडीच्या कापडाला तोटा नव्हता. गेल्या पन्नास वर्षांत कृत्रिम धाग्याची वस्त्रे स्वस्त झाली, आणि एका पिढीची लुगडी संपली तशी गोधडीची खाणही आटत चालली. त्या बोचक्यात सुती लुगडी दोनच होती. त्यांपैकी एक आजीचे होते. आजी दोन वर्षांपूर्वी वारली होती.

गोधडी सहा फूट लांब व साडेचार फूट रुंद करावयाची असे ठरले. नऊवारी लुगडे सत्तावीस फूट लांब असते. त्यातून सहा फुटांचे चार तुकडे निघतात व तीन फूट कापड उरते. लुगड्याचा पन्हा गोधडीच्या रुंदीपेक्षा कमी पडतो, म्हणून दोन तुकडे उभे जोडून एक थर करावा लागतो. या हिशेबाने आईच्या जुन्या लुगड्यातून तळाचा एक थर व मधला एक थर निघाला. उरलेले मधले थर धोतरांचे व लुंग्यांचे झाले. राहिला तो वरचा थर.

"वरचा थर वानगीचा करू," आई म्हणाली. "मला जेवढे प्रकार येतात, तेवढे सगळे त्यात घालू. एक चौकट मी करीन, तिच्याशेजारी तसलीच चौकट तू करायचीस."

दीड फुटाची एक चौकट धरली, तर रुंदीत तीन व लांबीत चार, अशा बारा चौकटी बसत होत्या. म्हणजे सहा प्रकार, प्रत्येक दोनदा.

वानगी म्हणजे नमुना. धान्याच्या पोत्यातून मूठभर दाणे काढून व्यापारी त्यांची परीक्षा करतो, तेही वानगीच पाहतो. शिवणकामातही ही रीत पुष्कळ देशांत होती. छापील पुस्तके दुर्मीळ होती त्या काळात युरोपातील स्त्रिया भरतकामाचे सर्व टाके व वेलबुट्ट्या एकाच कापडावर उतरवून ठेवीत आणि पुढे गरज पडेल तेव्हा ते कापड उलगडून पाहत. इंग्लंडातील असे एक कापड लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. जेन बोस्टॉक नावाच्या स्त्रीने ते भरले. त्यावर 1598 हे साल आहे, आणि दोन वर्षांपूर्वी जन्मलेल्या एका बालिकेचा जन्मदिवसही टाक्यांनी लिहिलेला आहे. पुढे शाळांतून मुलींना असे कापड भरावयास देण्याचा प्रघात पडला. मिरकरवाड्याच्या या घरात मात्र शिकणे व पांघरणे ही दोन्ही कामे एकाच कापडावर व्हावयाची होती. घरात वाया घालविण्याजोगे कापड नव्हते.

पहिला प्रकार सोपा होता. सहा इंचांचे नऊ चौकोन जोडले की एक चौकट तयार. प्रत्येक चौकोन कापताना चारी बाजूंनी पाव पाव इंच कापड शिवणीसाठी अधिक सोडावयाचे, म्हणजे तो साडेसहा इंचांचा कापावयाचा. मुलीने हे लगेच ध्यानात घेतले. दुसरा प्रकार लांब पट्ट्यांचा. तोही तिने एका दुपारी पुरा केला. पट्ट्या व चौकोन एकमेकांशेजारी आले तेव्हा ते कापड उंचावरून दिसणाऱ्या भातखाचरांसारखे दिसू लागले. ही उपमा फार जुनी आहे. मगध देशातील बांधांनी विभागलेली शेते पाहून भगवान बुद्धांनी तशाच आकृतीची चीवरे भिक्षूंसाठी शिवावीत असे आनंदास सुचविले, अशी कथा विनयपिटकात आहे. आजही बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडूनच शिवतात.

तिसऱ्या प्रकारात त्रिकोण होते, आणि तेथे मुलीची खरी परीक्षा झाली.

नऊ इंचांचा चौकोन कर्णावर कापून दोन त्रिकोण करावयाचे, दोन निराळ्या रंगांचे त्रिकोण कर्णावर जोडून पुन्हा चौकोन साधावयाचा आणि असे चार चौकोन मिळून एक चौकट करावयाची, अशी ती रचना होती. मुलीने पहिल्या धड्याप्रमाणे साडेनऊ इंचांचे चौकोन घेतले व ते कर्णावर कापले. आई त्या वेळी बाहेर गेली होती. संध्याकाळी चौकट शिवून झाली व मोजली, तर ती पाऊण इंच आखूड भरली.

मुलीने पुन्हा पुन्हा मोजले. हिशेब तर बरोबर होता! मग कापड गेले कोठे?

आईने पाटी घेऊन आकृती काढली. चौकोनाला चार बाजू असतात व चारी बाजूंची शिवण आपण धरली. पण चौकोन कापून पुन्हा जोडला की मध्ये कर्णाची पाचवी शिवण येते. तीही दोन्हीकडून पाव पाव इंच कापड खाते, आणि ती तिरपी असल्यामुळे सरळ शिवणीपेक्षा चौकोनाची बाजू अधिक कमी करते. म्हणून त्रिकोण करावयाचे असतील, तेव्हा चौकोन अर्ध्या इंचाने नव्हे, तर जवळजवळ एका इंचाने मोठा घ्यावा लागतो. आई याला "बोटभर जास्त" असे म्हणत असे. तिला हे तिच्या आईने सांगितले होते; का, ते कोणी सांगितले नव्हते. पाटीवर आकृती काढताना ते कारण तिलाही पहिल्यांदाच उमगले.

"आता मी ती पुन्हा कापते," मुलगी म्हणाली.

"कशातून? त्या रंगाचे कापड संपले," आई म्हणाली. "कापलेले कापड मागे येत नाही, बाय. आता पुढे काय करायचे ते बघ."

तसे दोन बाजूंनी निळ्या पट्ट्या जोडून चौकट मापात आणली. आईच्या चौकटीशेजारी ती ठेवली असता फरक लपत नव्हता. एकीत त्रिकोणांची टोके कडेला भिडलेली, तर दुसरीत ती निळ्या पट्टीपाशी येऊन थांबलेली. गोधडीत ती तशीच राहिली.

तिरप्या कापाची आणखी एक खोडी असते. कापडाला उभे धागे व आडवे धागे असतात. त्यांच्या दिशेने कापड ओढले तर ते ताणत नाही. पण कर्णाच्या दिशेने ओढले की लांबते व वाकडे होते. सदऱ्याचा तुकडा हातात घेऊन कोणीही हे पडताळून पाहू शकतो. म्हणून कर्णाची शिवण घालताना कापड ओढावयाचे नसते, सुईच पुढे न्यावयाची असते. हे वाक्य ऐकावयास सोपे आहे. प्रत्यक्षात किती हलके धरावयाचे हे आईने तिच्या बोटांवर आपली बोटे ठेवून दाखविले, तेव्हाच ते मुलीला कळले.

चौकोनात तिरपा चौकोन हा चौथा प्रकार व माशाच्या खवल्यांसारख्या अर्धगोलांचा पाचवा प्रकार, हे दोन्ही आषाढात पुरे झाले. गोल कड आत दुमडताना तिला आतून बारीक कातरे द्यावे लागतात, नाहीतर ती चुण्या धरते. हे एकदा कळल्यावर खवले काही कठीण नाहीत. त्याच ओटीवर पलीकडे बाबा जाळ्याची फाटलेली आस विणत असत. प्रत्येक गाठ मारण्यापूर्वी ते दोरा एका लाकडी पट्टीवरून घेत. आस लहानमोठी झाली तर जाळ्यावर ताण सारखा पडत नाही, आणि फार लहान झाली तर न वाढलेली पिल्लेही तीत अडकतात. मुलगी शिवता शिवता ते पाहत असे. एके दिवशी तिने गवताची एक काडी पाव इंच मापाने तोडून घेतली व आपले टाके त्या काडीने मोजू लागली. आईने ते पाहिले, पण ती काही बोलली नाही. चार दिवसांनी काडी हरवली आणि टाके तरीही सारखेच पडत राहिले.

सहावा प्रकार आजीचा होता.

घरात आजीच्या हातची एक गोधडी होती. ती इतकी विरली होती की तिला पांघरावयास कोणी घेत नसे. पेटीच्या तळाशी ती घडी घालून ठेवलेली असे. तिच्या चारी कोपऱ्यांवर कापडाची चार फुले होती. लहान लहान त्रिकोण एकावर एक पाकळ्यांसारखे बसवून ती साधलेली होती. त्या घरात त्या फुलांना नाव असे नव्हते, ती "आजीची फुले" एवढेच म्हणत. आईने ती करताना आजीला अनेकदा पाहिले होते. पण पाहणे निराळे आणि शिकणे निराळे. आजीच्या हयातीत "पुढच्या पावसाळ्यात शिकू" असे म्हणता म्हणता कित्येक पावसाळे निघून गेले होते.

आईने आठवणीने त्रिकोण कापले, त्यांच्या कडा दुमडल्या आणि एकावर एक शिवले. फूल झाले, परंतु ते आजीच्या फुलासारखे होईना. कडा दुमडल्यामुळे पाकळ्या जाड झाल्या, त्यांची टोके बोथट आली आणि एका कोपऱ्यात धागे सुटू लागले. आजीच्या पाकळ्या पानाच्या टोकासारख्या अणकुचीदार होत्या, आणि इतकी वर्षे वापरूनही एकीचीही कड विसविशीत झाली नव्हती. आईने दुसऱ्यांदा केले, तिसऱ्यांदा केले. दर खेपेस कापड वाया जात होते.

"आजीचे एक फूल उसवून पाहिले तर?" मुलीने विचारले.

आईने हातातील काम खाली ठेवले. बराच वेळ ती काही बोलली नाही. उसवले, तर आजीच्या हातचे टाके जाणार. ते टाके पुन्हा कोणालाही घालता येणार नव्हते. आणि न उसवले, तर त्या पाकळ्यांच्या आत काय आहे हे कधीच कळणार नव्हते. गोधडी आणखी विरली असती व एक दिवस ती फुले आपोआपच गेली असती. हा पेच शास्त्रज्ञांनाही पडतो. एखादी जुनी वस्तू कशी बनविली हे शोधण्यासाठी तिचा कण काढून तपासावा, तर तेवढी ती वस्तू कमी होते. म्हणून ते शक्य तितका लहान कण घेतात व जे दिसेल ते काटेकोरपणे नोंदवितात.

"चार फुले आहेत," मुलगी हळूच म्हणाली. "जे सर्वांत फाटले आहे ते एकच उसवू. मी प्रत्येक घडीचे चित्र काढीन. तीन तर राहतीलच."

दुसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली, तेव्हा उजेडात बसून आईने सुईच्या टोकाने एकेक टाका उचलून कापला. एक पाकळी सुटली की ती हलवावयाची नाही. मुलगी वहीत तिचे चित्र काढी, शेजारी पट्टी ठेवून माप लिही, मगच आई पुढचा टाका उचली. पहिली पाकळी हातात आली, ती आईने उलगडली, आणि ती आणखी उलगडत गेली. तो त्रिकोण नव्हताच. तो चार इंचांचा अखंड चौकोन होता. त्याला कात्री लागली होती ती चौकोन कापण्यापुरतीच!

रीत अशी होती. चौकोन कर्णावर दुमडावयाचा, त्याचा त्रिकोण होतो. तो त्रिकोण पुन्हा मधोमध दुमडावयाचा, त्याचा लहान त्रिकोण होतो. आता पाहिले तर कापलेल्या सर्व कडा त्या लहान त्रिकोणाच्या सर्वांत लांब बाजूवर एकत्र आलेल्या असतात, आणि उरलेल्या दोन्ही बाजू नुसत्या घड्या असतात. घडीतून धागे कसे सुटणार? लांब बाजू पुढच्या पाकळीच्या पोटाखाली जाते, तिची त्यापुढच्या पाकळीखाली, आणि शेवटचीवर गोधडीची कड दुमडून बसते. एकही कापलेली कड उघडी राहत नाही. चार इंचांच्या चौकोनाची पाकळी तळाशी चार इंच व उंचीला दोन इंच भरते. शाळेच्या वहीचा एक चौकोनी कागद घेऊन दोन घड्या घातल्या, तर हे सारे अर्ध्या मिनिटात दिसते. आजीने ते कोठे शिकले हे आता विचारावयास कोणी नव्हते.

घड्यांच्या अशा पाकळ्या केवळ एका घरापुरत्या नाहीत. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आले. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांपासून जी गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. कवंदीच्या चारी कोपऱ्यांवर त्या त्रिकोणी घड्यांचे थर बसवितात व त्यांना फुला असे म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडीनागडी, असे त्या मानतात. अमेरिकेतील गोधड्यांच्या काठांवरही अशाच दुमडलेल्या त्रिकोणांची रांग आढळते. कोणी कोणाकडून घेतले याचा शोध घेण्याची गरज नाही. जेथे जेथे चौकोनी चिंधी आणि ती वाया जाऊ न देणारा हात एकत्र येतात, तेथे ही घडी स्वतंत्रपणेही सुचू शकते.

आता आजीचे लुगडे काढावे लागले. इतर कापड पाकळ्यांसाठी जाड पडत होते, तर ते लुगडे धुऊन धुऊन मलमलीसारखे मऊ झाले होते. अकराव्या चौकटीतील पाकळ्यांसाठी चौकोन आईने कापले. बाराव्या चौकटीचे कोणी कापावे, हे ठरावयाचे होते. त्रिकोणांच्या वेळचा पाऊण इंच दोघींच्याही लक्षात होता. आईने कात्री मुलीच्या हाती दिली व ती स्वतः दिवेलागणीला आत निघून गेली. मुलीने प्रत्येक चौकोन दोनदा मोजला, धाग्याची दिशा पाहिली, आणि एकदाही तिरपे न जाता कापले.

वरचा थर पुरा झाल्यावर गोधडी घालण्याचे खरे काम सुरू झाले. जमिनीवर थर पसरून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले, हाताने सर्व चुण्या बाहेर काढल्या व लांब कच्चे टाके घालून थर धरले. मग मेणावरून ओढलेला सुती दोरा घेऊन आई एका बाजूस व मुलगी समोरच्या बाजूस बसली. टाका साधाच, धावदोऱ्याचा. सुई खाली जाते व वर येते. शिवण कडेपासून सुरू करावयाची, चारी बाजूंनी एक फेरा पुरा झाला की अर्धा इंच आत यावयाचे, आणि असे चौकोनात चौकोन शिवत मध्यापर्यंत जावयाचे. एकाच टोकाकडून शिवत गेले, तर सुईपुढे थर सरकत जातात व दुसऱ्या टोकाशी फुगवटा जमतो. चारी बाजूंनी आत गेले, की ताण सर्वत्र सारखा पडतो. बंगालमध्ये जुन्या साड्या व धोतरे यांची कांथा शिवतात, तीही याच धावदोऱ्याची असते. तेथील स्त्रिया पूर्वी साडीच्या रंगीत काठातून धागे ओढून काढीत व त्यांनीच शिवीत.

एका गोधडीत टाके किती असतात? मुलीने हा हिशेब वहीत मांडला. पहिला फेरा कडेकडेने, म्हणजे 72, 54, 72 व 54 मिळून 252 इंच. प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक बाजूने अर्धा इंच आत यावयाचे, म्हणून पुढचा फेरा 4 इंचांनी लहान. असे 54 फेरे झाले की मध्य गाठला. शेवटचा फेरा 40 इंचांचा. सर्वांची बेरीज 7,884 इंच, म्हणजे सुमारे 200 मीटर शिवण. इंचाला चार टाके धरले तर एकतीस हजारांहून अधिक टाके! हिशेब पाहून बाबांनी जाळ्याच्या गाठींचाही असाच हिशेब करावयास सांगितला. तो मात्र वहीत अपुराच राहिला.

त्या टाक्यांपैकी निम्मे आईचे व निम्मे मुलीचे. पहिल्या आठ-दहा फेऱ्यांत कोणत्या बाजूस कोण बसले होते, हे लांबूनही ओळखता येते. आईचे टाके तांदळाच्या दाण्यासारखे एकसारखे, तर मुलीचे कोठे लांब, कोठे आखूड. तिचा दोरा कोठे ओढला गेल्याने कापड चुरमुरलेले, तर कोठे सैल राहिल्याने बोट अडकेल असा. दोरा फार ओढला तर थर दाबले जाऊन त्यांतील हवा निघून जाते व ऊब कमी होते. सैल सोडला तर तो पायाच्या नखात अडकून तुटतो. या दोहोंमधील जे प्रमाण, ते वहीत लिहून ठेवता येत नाही. वहीत घड्यांची चित्रे होती, मापे होती, हिशेब होता. पण दोरा किती ओढावा हे सांगण्यासाठी आईला दर वेळी तिचाच हात धरावा लागे. विसाव्या फेऱ्यापुढे मुलीचे टाके बरेच सुधारले. तिसाव्यानंतर बाजू कोणाची हे टाका जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. शेवटच्या फेऱ्यांत तर जागा इतकी थोडी उरली की दोघींच्या सुया एकमेकींना लागू लागल्या आणि एकीला थांबावे लागले. आई थांबली.

शेवटची गाठ मुलीने थरांच्या आत ओढून नाहीशी केली. नारळी पौर्णिमेला अजून आठ दिवस होते.

त्या आठ दिवसांत तिने आणखी एक काम केले. आजीच्या लुगड्याचे थोडे चौकोन उरले होते. पेटीतील जुनी गोधडी तिने बाहेर काढली, उसवलेल्या कोपऱ्यावर त्याच घड्यांचे नवे फूल बसविले आणि वहीतील चित्राप्रमाणे पाकळ्या एकीखाली एक सारून शिवल्या. जुन्या गोधडीवर आता पुन्हा चार फुले आहेत. तिघांवरचे टाके बारीक असून चौथ्यावरचे त्यांच्याहून किंचित लांब आहेत.